पासपोर्टवरची इंग्रजी

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी, दक्षिण कोरियाचं आकाश शांत होतं. कुठल्याही विमानतळावरून विमान उडत नाही, कुठे उतरत नाही. जी विमानं आधीच हवेत आहेत त्यांनी ३ किलोमीटरच्या वर घिरट्या घालत थांबायचं. लष्कराचा सरावही बंद. रस्त्यावर मुलांना गर्दी लागू नये म्हणून सकाळी शेअर बाजार आणि बऱ्याच कचेऱ्या तासभर उशिरा उघडलेल्या. हे सगळं ‘सुनुंग’साठी, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेसाठी. त्यातली आकाश थांबवणारी ३५ मिनिटं मात्र फक्त इंग्रजीची. पेपरातल्या ४५ प्रश्नांपैकी १७ प्रश्न ऐकून सोडवायचे असतात. देशभर सुमारे पाच लाख मुलं एकाच वेळी कान टवकारून बसतात. ध्वनिवर्धकातून येणारे आवाज बहुतेक अमेरिकी वळणाचे असतात.

ज्या समाजात एका भाषेसाठी विमानं अडवली जातात, तिथे ती भाषा शिकवायचा अधिकार कोणाला, हा प्रश्न साधा राहत नाही. कोरियात त्याचं उत्तर एका शब्दात सापडतं: ‘वॉनॉमिन’. शब्दशः अर्थ मूळ भाषेचा माणूस. गल्लोगल्ली जे खासगी शिकवणीवर्ग आहेत, ज्यांना तिथे ‘हागवॉन’ म्हणतात, त्यांच्या जाहिरातींत हा शब्द ठळक असतो. आपल्याकडे क्लासच्या फलकावर बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो झळकतात, तसं तिथे ‘आमच्याकडे वॉनॉमिन शिकवतात’ हे झळकतं. आईबाप त्यासाठी जादा फी भरतात. काही कुटुंबं तर याहून पुढे जातात. आई मुलांना घेऊन अमेरिकेत किंवा कॅनडात राहते, बाप एकटा कोरियात कमावतो आणि वर्षाकाठी एकदा भेटायला जातो. अशा बापांना तिथे ‘रानहंस बाप’ असं नावच पडलं आहे.

सात देशांची यादी

कोरियात परदेशी भाषाशिक्षकांना जो व्हिसा मिळतो त्याचं नाव ई-२. इंग्रजी शिकवण्यासाठी तो ज्यांना सरळ मिळतो अशा देशांची यादी सात नावांची आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशाचा पासपोर्ट, कोणत्याही विषयातली पदवी, पोलिसांचा दाखला आणि आरोग्य तपासणी एवढं असलं की दार उघडतं. पदवी वनशास्त्राची असो की हिशेबशास्त्राची, अडचण नाही. वर्गात कधी उभं राहिलात का, हे व्हिसा विचारत नाही.

यादीतलं शेवटचं नाव जरा थांबून पाहावं असं आहे. २०११च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक १०० मागे दहासुद्धा नव्हते, ९.६ होते. झुलू बोलणारे त्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणून कोरियाच्या सरकारी शाळांसाठी भरती करणारा ‘एपिक’ नावाचा कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेच्या उमेदवाराकडे आणखी एक पुरावा मागतो: सातवीपासून पुढचं शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातून येणाऱ्यालाही हाच नियम आहे.

या नियमात एक मोठी कबुली दडलेली आहे. घरात झुलू किंवा फ्रेंच बोलत वाढलेला माणूस शाळेच्या बळावर इंग्रजीचा शिक्षक होऊ शकतो, हे कोरियाच्या सरकारला मान्य आहे. मग हाच निकष सिंगापूरच्या माणसाला का नाही? तिथे तर शाळेची भाषाच इंग्रजी. नैरोबी, लागोस, मनिला इथल्या माणसांना का नाही? त्यांच्याजवळ पुरावा आहे, फक्त तो दाखवायची खिडकी त्यांच्यासाठी तशी सरळ उघडत नाही.

भारतीयांसाठी एक फट मात्र आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारीचा करार ७ ऑगस्ट २००९ला झाला आणि १ जानेवारी २०१०पासून अमलात आला. जकात, गुंतवणूक आणि सेवा यांच्या त्या जाड दस्तऐवजात इंग्रजीच्या भारतीय शिक्षकांसाठीही एक वाट ठेवलेली आहे. पदवी हवी आणि त्याबरोबर इंग्रजी शिकवण्याचं शिक्षकपात्रतेचं प्रमाणपत्र हवं.

दोन अर्ज शेजारी ठेवून पाहू. एक आहे बावीस वर्षांच्या तरुणाचा. तो सात देशांपैकी एका देशातून नुकताच पदवीधर झाला आहे, शिकवण्याचा अनुभव नाही. दुसरा कोल्हापूरच्या एखाद्या शिक्षिकेचा. इंग्रजीत एम. ए., बी. एड., वर्गातली बारा वर्षं. कागदपत्रांत पात्रता सिद्ध करायची ती तिने. त्याची पात्रता पासपोर्टच्या मुखपृष्ठावरच छापलेली आहे.

जन्म ही पदवी कशी झाली

ही समजूत कोरियात उगवलेली नाही. तिचा एक ठळक टप्पा युगांडात सापडतो. १९६१ साली कंपाला इथल्या माकेरेरे विद्यापीठात राष्ट्रकुलातल्या इंग्रजी अध्यापनाविषयी एक परिषद भरली. साम्राज्य आवरतं घेतलं जात होतं, नवे देश जन्माला येत होते आणि त्यांच्या शाळांत इंग्रजी कशी शिकवायची याचा आराखडा ठरत होता. डॅनिश विद्यापीठात शिकवणारे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या पुस्तकात त्या परिषदेतून घट्ट झालेली पाच गृहीतकं मांडली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक जन्माने इंग्रजीभाषक असावा. जितक्या लवकर सुरुवात, तितकं बरं. जितकी जास्त इंग्रजी, तितकं बरं. इतर भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिप्सन यांनी ही पाचही गृहीतकं भ्रम ठरवली. दुसऱ्या गृहीतकाला त्यांनी दिलेलं ‘नेटिव्ह स्पीकर फॅलसी’ हे नाव आता या विषयातल्या प्रत्येक चर्चेत येतं.

पुढे सरकारांनी हा भ्रम योजनांमध्ये बसवला. जपानने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांत आणणारा ‘जेट’ कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेशी व्यापारावरून खटके उडत होते आणि आपण जगासाठी दारं उघडतो आहोत हे जपानला दाखवायचं होतं. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. कोरियाचा ‘एपिक’ १९९५चा, आणि १९९७पासून तिथे तिसरीच्या वर्गात इंग्रजी सक्तीची झाली. हाँगकाँगमध्ये १९९८ साली माध्यमिक शाळांसाठी ‘नेटिव्ह’ शिक्षकांची योजना आली. त्याच वर्षी तिथल्या बहुसंख्य शाळांना कँटोनीज माध्यमाकडे वळवलं जात होतं. मुलांची इंग्रजी मागे पडेल या पालकांच्या धास्तीवर ही योजना म्हणजे एक उतारा होता. परदेशातून आलेल्या या शिक्षकांना पगारावर खास भत्ता मिळे. त्याच शिक्षककक्षात बसणाऱ्या स्थानिक इंग्रजी शिक्षकाला तो मिळत नसे.

कोरियाच्या सरकारी शाळेत नोकरी मिळवायची तर तिथल्या शिक्षकाला ‘इमयोंग’ ही स्पर्धापरीक्षा द्यावी लागते. ती इतकी अवघड की तिच्यासाठी वर्षानुवर्षं अभ्यास करणारे उमेदवार आहेत. ती पार करून आलेली कोरियन शिक्षिका नव्या परदेशी पाहुण्याची जोडीदार होते. त्याचं बँकेत खातं उघडणं, त्याला दवाखान्यात नेणं, शाळेच्या सूचना समजावून सांगणं, हे बहुधा तिच्याच वाट्याला येतं. त्याला घर शाळेकडून किंवा घरभाडं सरकारकडून. वर्गात मुलं त्याच्याकडे पाहतात. नियम, परीक्षा, उत्तरपत्रिका हे तिचं काम. इंग्रजीचा आवाज त्याचा.

वाटेतले दगड कोणाला माहीत

मी इंग्रजी शिकलो ती तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत. आमच्या सरांनी आयुष्यात इंग्रज माणूस जवळून पाहिला नव्हता. टेबलावर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची शिवण सुटलेली प्रत असे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली: ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलो आहे’. मग विचारलं, “यजमानाने ताटावर बसायचा आग्रह केला, तर यातलं कोणतं म्हणाल?” वर्ग एका सुरात म्हणाला, “जेवलोय!” सर म्हणाले, “का? कारण जेवण मघाशी झालं, पण पोट आत्ता भरलेलं आहे. इंग्रजीतलं ‘हॅव’ तेच सांगतं.” ज्या काळाच्या नावाने पुढे कॉलेजातही मुलांना घाम फुटायचा, तो आम्हाला पाच मिनिटांत कळला. तो आमच्याजवळ आधीच होता, सरांनी फक्त तो कुठे ठेवला आहे ते दाखवलं.

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आमच्या एकाच ‘व’मध्ये कोंबले जात. सर सांगत, एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, दुसऱ्याला ओठांचा चंबू करा, दातांना सुट्टी. हे त्यांना कोणी जन्मतः दिलं नव्हतं. ते स्वतः तिथे अडखळले होते, म्हणून त्यांना ती जागा ठाऊक होती.

हंगेरीचे पीटर मेद्येश यांनी नेमकी हीच गोष्ट अभ्यासकाच्या शिस्तीने मांडली. १९९४ साली त्यांचं ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ आलं. ते स्वतः असेच शिक्षक. त्यांनी इंग्रजी शिकून ती शिकवणाऱ्या शिक्षकाची बलस्थानं एकेक करून सांगितली: तो विद्यार्थ्यापुढे यशस्वी शिकणाऱ्याचं जिवंत उदाहरण असतो, शिकण्याच्या युक्त्या सांगू शकतो, भाषेची रचना उलगडून दाखवतो, चूक होण्याआधी तिची चाहूल घेतो, शिकणाऱ्याचा त्रास जाणतो आणि गरज पडली की वर्गाची भाषा वापरतो. मेद्येश जन्मभाषकाचं मोल नाकारत नाहीत. ओघ, बोलीची लय, कुठल्या प्रसंगी कोणता शब्द सहज तोंडी येतो याची जाण, यांत त्याचा हात सहसा वर असतो. परदेशी माणसाशी बोलायची मुलांची भीती मोडायलाही त्याचा मोठा उपयोग होतो. दोघांची बलस्थानं वेगळी आहेत आणि चांगल्या शाळेला दोन्ही लागतात.

कोरियन वर्गात हे कसं दिसतं? इंग्रजीत ‘स्ट्राइक’ हा शब्द एका श्वासाचा, एकच अक्षरगट. कोरियन मूल तो पाच तुकड्यांत म्हणतं: ‘सु-तु-रा-इ-कु’ असा काहीसा. परदेशी शिक्षक पुन्हापुन्हा बरोबर म्हणून दाखवतो आणि मूल पुन्हापुन्हा तसंच म्हणतं. कोरियन शिक्षिकेला कारण ठाऊक असतं. तिच्या भाषेत दोन व्यंजनं अशी एकमेकांना चिकटून शब्दाची सुरुवात करत नाहीत, प्रत्येकाला स्वर लागतो. त्या मधल्या स्वराची सवय कशी मोडायची, हे तिने स्वतःच्या जिभेवर करून पाहिलेलं असतं. आपल्याला ‘स्त्री’ म्हणताना जीभ अडत नाही, म्हणून हा अडथळा आपल्याला दिसतही नाही. प्रत्येक भाषेतून इंग्रजीकडे जाणारी वाट वेगळी, आणि तिच्यातले दगड त्या वाटेने गेलेल्यालाच माहीत.

मग कानांचं काय, असं पालक विचारतात. उच्चार तर अस्सल हवा ना? २००८ साली कोरियात नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सत्तांतर समितीच्या प्रमुख बाईंनी सांगितलं होतं, की अमेरिकेत कोरियन पद्धतीने ‘ओरेंजी’ म्हटलं तर कोणाला कळत नाही, ‘ओरिंजी’ म्हटलं तर कळतं. त्यावरून देशभर गदारोळ उठला. इतर विषयही इंग्रजीतून शिकवायचा मनसुबा याच सुमारास मागे घ्यावा लागला. एका संत्र्याने अख्ख्या देशाच्या मनातला न्यूनगंड उघडा पाडला.

पण ऐकणारा फक्त कानांनी ऐकत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी केलेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो. ६२ विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाची ध्वनिफीत ऐकवली. आवाज एकाच बाईंचा, त्या ओहायोत वाढलेल्या, जन्माने इंग्रजीभाषक. काही विद्यार्थ्यांसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल ऐकू आला. एवढंच नाही, त्यांना व्याख्यान कमी समजलं. जो हेल फितीत नव्हताच, तो डोळ्यांनी कानात घातला.

त्यामुळे नोकरीच्या अर्जासोबत फोटो मागितला जातो तेव्हा काय मागितलं जातं, हे समजून घ्यायला हवं. कोरियात हा रिवाज मुरलेला आहे. कृष्णवर्णीय अमेरिकी आणि कोरियन वंशाचे अमेरिकी, म्हणजे नियमाने पक्के ‘वॉनॉमिन’, तेही फोटोपाशी अडतात. पासपोर्टच्या आड चेहरा उभा असतो.

‘नेटिव्ह’ या शब्दाचा उलटा प्रवास

‘नेटिव्ह’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. १८२७ साली मुंबईत ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ हे नाव प्रचारात आलं, तेव्हा त्यातले ‘नेटिव्ह’ आपण होतो. पुढची शंभर वर्षं ‘नेटिव्ह’ म्हणजे साहेबाच्या खालचा. त्याला वेगळी जागा, वेगळा पगार, वेगळा दरवाजा. आज इंग्रजीच्या बाजारात ‘नेटिव्ह’ म्हणजे वरचा. शब्दाने खालून वर पूर्ण प्रवास केला, पण त्याने माणसांना दोन रांगांत उभं करण्याचं काम सोडलेलं नाही.

त्याच सोसायटीत कोकणातून आलेला बाळशास्त्री जांभेकर नावाचा तरुण काम करत होता. ६ जानेवारी १८३२ला त्याने ‘दर्पण’ काढलं, एका बाजूला इंग्रजी मजकूर, दुसऱ्या बाजूला मराठी. पुढे तो एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागला. जन्माने इंग्रजीभाषक नसलेला हा माणूस इंग्रजीत संपादन करत होता आणि विद्यार्थ्यांना घडवत होता. १८४६ साली तो गेला तेव्हा चाळिशीही दूर होती. ‘इंग्रजी शिकलेला माणूस ती भाषा शिकवू शकतो का’ या प्रश्नाचं उत्तर मुंबईत पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालं होतं.

या वादातले काही धारदार आवाज आपल्याच उपखंडातले आहेत. श्रीनगरात जन्मलेले ब्रज काचरू यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे धडे घेतले. पुढे एडिंबरा आणि मग अमेरिकेतलं इलिनॉय. १९८५ साली त्यांनी जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं आखली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, बाहेरच्यात भारत-नायजेरियासारखे, जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि रुजली, आणि पसरत्या वर्तुळात जपान, कोरिया, चीन. काचरूंचा आग्रह असा की बाहेरच्या वर्तुळातली इंग्रजी ही चुकांची गोळाबेरीज नव्हे, तिला स्वतःचे नियम आणि स्वतःचा घाट आहे. ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९०मध्ये याला विरोध केला, मानक एकच असावं असं म्हटलं. पुढच्या वर्षी काचरूंनी त्यांना सविस्तर उत्तर दिलं.

केरळात जन्मलेले आणि कॅनडात कोशकार झालेले थॉमस पायकडे यांनी भाषाशास्त्रज्ञांना एकच प्रश्न विचारला: ‘नेटिव्ह स्पीकर’ म्हणजे नेमकं काय? नोम चॉम्स्कींसह अनेकांच्या उत्तरांतून १९८५ साली जे पुस्तक झालं त्याचं नावच ‘द नेटिव्ह स्पीकर इज डेड!’ श्रीलंकेतून आलेले जॉर्ज ब्रेन यांच्या पुढाकाराने १९९८ साली ‘टेसॉल’ या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत इंग्रजी शिकून ती शिकवणाऱ्या शिक्षकांचा स्वतंत्र गट उभा राहिला. २००६ साली त्या संघटनेने जन्मभाषेवरून नोकरी नाकारण्याविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली. ठराव झाला, जाहिराती मात्र फारशा बदलल्या नाहीत.

किंमत कोण मोजतं

या व्यवस्थेत वर बसवलेला तरुणसुद्धा सुखात असतोच असं नाही. ई-२ व्हिसा मालकाशी बांधलेला, करार वर्षाचा. मालकाशी बिनसलं तर नोकरीबरोबर देशात राहण्याचा आधारही डळमळतो. जपानमधली ‘नोव्हा’ ही इंग्रजी संभाषणवर्गांची बलाढ्य साखळी ऑक्टोबर २००७मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. जन्मामुळे मिळालेली जागा जन्मामुळेच स्वस्तही होते, कारण तसाच पासपोर्ट असलेला दुसरा उद्या मिळतो. ज्याला कधी शिकवायला शिकवलंच नाही, त्याला एके सकाळी तीस मुलांसमोर उभं करणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

बाजाराला हे आतून कळलेलंही आहे. ज्या कोरियात फिलिपिनो शिक्षकाला ई-२ सरळ मिळत नाही, त्याच कोरियातले विद्यार्थी हजारोंनी बाग्यो आणि सेबूला जाऊन फिलिपिनो शिक्षकांकडे इंग्रजी शिकतात. जपानी मुलं संगणकाच्या पडद्यावर त्यांच्याशीच बोलून सराव करतात. सोलच्या वर्गात जो चालत नाही, तो त्याच्या स्वतःच्या गावात चालतो, कमी पैशांत.

आपणही हात झटकू शकत नाही. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली. तेव्हापासून मराठी शाळांतल्या हजारो शिक्षकांनी, ज्यांना स्वतःला पाचवीत इंग्रजी भेटली होती, सहा वर्षांच्या मुलांना ती शिकवली. त्यांना पुरेसं प्रशिक्षण द्यायचं सोडून आपण त्यांच्या उच्चारांना नावं ठेवली, आणि मुलं ‘फाडफाड’ बोलणाऱ्या शिक्षकांच्या शाळेत नेली. शिक्षकाचा आवाज ऐकून शाळा निवडणारा पालक आणि फोटो पाहून शिक्षक निवडणारा हागवॉनचा मालक यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

करायचं ते अवघड नाही. जाहिरातीत पासपोर्टऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: भाषेवरचं प्रभुत्व, आणि ते कसोटीवर सिद्ध केलेलं. शिकवण्याचं प्रशिक्षण. वर्गातला अनुभव. ही अट ओहायोच्या माणसालाही लागावी आणि कोल्हापूरच्या बाईलाही. फोटो मागू नये. आणि स्थानिक शिक्षिकेला तिच्या परदेशी जोडीदाराइतकाच मान आणि मोबदला मिळावा, कारण पाहुणा वर्षाने परत जातो, मुलं तिच्याकडेच राहतात.

पुढच्या नोव्हेंबरातही कोरियाचं आकाश ३५ मिनिटं थांबेल. ध्वनिवर्धकातला आवाज अमेरिकी असेल. तो कळावा म्हणून ज्या शिक्षिकेने मुलांच्या जिभेवरचा जादा स्वर एकेक करून काढला, तिचा आवाज त्या फितीत नसेल.

आमचे सर निवृत्त होऊन गेले तेव्हा त्यांच्या वर्गातली कितीतरी मुलं देशोदेशी पोचली होती. व्हिसाच्या खिडकीसमोर उभं राहून, विचारलेल्या प्रश्नांना आम्ही जी इंग्रजी बोललो, ती त्यांची होती. सरांनी स्वतः कधी पासपोर्ट काढला नाही.